सूत्र, दृष्टांत आणि गाविलगड

एका उभ्या कड्यावर तोफ ठेवलेली आहे. कड्याची उंची ८० मीटर. तोफेतून एक गोळा क्षितिजसमांतर दिशेने, सेकंदाला २०० मीटर या वेगाने सोडला जातो. तो कड्याच्या पायथ्यापासून किती अंतरावर पडेल? हवेचा विरोध नगण्य माना.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या प्रत्येकाला हे उदाहरण, आकडे बदलून का होईना, एकदा तरी भेटलेले असते. आमच्यापैकी काहीजण पुढे तो रस्ता सोडून साहित्याकडे वळले. सूत्रे विसरली, पण हा कडा आणि ही तोफ विसरली नाही. पुष्कळ वर्षांनी मराठीच्या वर्गात कथनमीमांसा शिकवताना आमच्या ध्यानात आले की ही चार वाक्ये म्हणजे एक लघुतम कथा आहे. तिला स्थळ आहे, घटना आहे, शेवटाची उत्कंठाही आहे. नाही तो फक्त कर्ता. गोळा ‘सोडला जातो’. तो कोण सोडतो, कोणावर सोडतो, कड्याखाली कोण उभे आहे, याविषयी कथा मौन पाळते. संपूर्ण कर्मणी प्रयोगात चालणारी अशी कथा दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकारात खपली असती?

हे मौन कशासाठी आहे, ते कोठवर योग्य आहे आणि कोठे ते आपल्याला फसवते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तो कडा वऱ्हाडातच आहे आणि त्यावरची तोफही.

*

प्रथम शब्दांविषयी. फेकलेल्या वस्तूचा मार्ग ज्या वक्राने दाखवतात त्याला इंग्रजीत पॅराबोला म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द. ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, बरोबरीने, आणि पुढील भाग ‘टाकणे, फेकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. मराठी परिभाषेत या वक्राला अन्वस्त म्हणतात. पहिल्यांदा वाचताना हा शब्द परका, कोशातला वाटतो. पण संस्कृत जाणणाऱ्याने तो जरा उकलून पाहावा. ‘अनु’ म्हणजे बरोबरीने, आणि ‘अस्त’ म्हणजे टाकलेले, फेकलेले. ‘अस्त्र’ हा शब्द ज्या धातूचा, त्याच धातूचे हे रूप. म्हणजे ग्रीक शब्दाची जोडणी जशीच्या तशी संस्कृतात उतरलेली दिसते. हिंदीने ‘परवलय’ घेतले, त्यात ग्रीक शब्दाचा नाद अधिक. मराठीने अर्थ धरला. गंमत अशी की ग्रीकांनी हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात दगड किंवा बाण नव्हता. त्यांचा तो वक्र शंकूच्या छेदातून आलेला होता, आणि क्षेत्रफळाशेजारी क्षेत्रफळ ठेवून पाहण्याच्या भूमितीतील रीतीवरून त्याचे नाव पडले होते. फेकलेला दगड याच वक्राने जातो, हे कळायला पुढे सुमारे अठरा शतके जावी लागली.

त्याच ग्रीक शब्दाचे दुसरे अपत्य म्हणजे इंग्रजीतील पॅरेबल, म्हणजे आपला दृष्टांत. एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवायची आणि एकीच्या उजेडात दुसरी पाहायची. इथे वऱ्हाडातील वाचकाला रिद्धपूर आठवल्याखेरीज राहणार नाही. अमरावती जिल्ह्यातील या गावाभोवती मराठी गद्याचा आरंभकाळ घडला, आणि केसोबासांनी संकलित केलेला दृष्टांतपाठ हा त्याच परंपरेतला ग्रंथ. त्याची रचना मराठीच्या विद्यार्थ्याला पाठ असते: आधी चक्रधरांचे सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे तो दृष्टांत प्रत्यक्षात कशाला लागू करायचा याचे विवरण. दार्ष्टांतिकाशिवाय दृष्टांत ही नुसती गोष्ट राहते.

भौतिकीच्या पुस्तकातही पहिल्या दोन पायऱ्या अशाच असतात. वर चौकटीत सूत्र, खाली उदाहरण. ‘सूत्र’ हा शब्दही तोच. तिसरी पायरी मात्र गळालेली आहे. उदाहरणाचे उत्तर आले की पान उलटते. आम्हांला इथे त्या तिसऱ्या पायरीविषयी बोलायचे आहे.

*

पण त्याआधी उदाहरण सोडवले पाहिजे. न सोडवता त्याच्यावर टीका करणे हे साहित्यवाल्यांचे जुने दुखणे आहे.

सोडवण्याची युक्ती एकच आहे: एका गतीच्या दोन गती करायच्या. गोळा आडवा जातो आणि त्याच वेळी खाली पडतो. आडव्या दिशेने त्याला ओढणारे किंवा अडवणारे काही नाही, म्हणून तो दर सेकंदाला २०० मीटर जातच राहतो. उभ्या दिशेने मात्र तो हातातून सुटलेल्या दगडासारखाच पडतो. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर पहिल्या सेकंदात ५ मीटर, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५, चौथ्यात ३५, बेरीज ८०. चार सेकंदांत कडा संपला. तेवढ्या वेळात आडवे अंतर ८०० मीटर. हे उत्तर.

यातील खरी अवघड गोष्ट गणिताची नाही, कल्पनेची आहे. या दोन गती एकमेकींची दखल घेत नाहीत, हे मनाला पटणे कठीण जाते. जोराने सुटलेला गोळा आधी काही काळ सरळच जात असेल, जोर ओसरला की मग खाली वळत असेल, असे प्रत्येकाला वाटते. आम्हांलाही वाटत असे. हा समज अडाणीपणाचा नव्हे. त्याला मोठी परंपरा आहे. वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचा विचार आहे. प्रत्यंचेच्या नोदनाने बाणात पहिले कर्म उत्पन्न होते, त्या कर्मातून संस्कार, त्या संस्कारातून पुढचे कर्म. आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे पतन. कणादांच्या सूत्रांत हे आहे आणि प्रशस्तपादांच्या भाष्यात ते विस्ताराने आले आहे. वेग, गुरुत्व, संस्कार हे आजच्या मराठी परिभाषेला पुरवठा करणारे शब्द त्या चर्चेत घडलेले आहेत. त्या विचाराची सूक्ष्मता मान्य करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी: तेथे गुरुत्वाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

युरोपातही ते थांबूनच होते. निकोलो तार्ताल्या या इटालियन गणितीने १५३७ मध्ये तोफगोळ्याच्या मार्गाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात गोळा प्रथम सरळ रेषेत जातो, मग वर्तुळाच्या कंसाने वळतो आणि शेवटी उभा खाली येतो. पंचेचाळीस अंशांना पल्ला सर्वांत लांब, हे त्याने बरोबर सांगितले. मार्ग मात्र चुकला. गॅलिलिओच्या १६३८ मधील ग्रंथाने गुरुत्वाचे थांबणे बंद केले. नळीबाहेर पडल्याच्या क्षणापासून गोळा पडू लागतो, आणि पडण्याची अंतरे एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. वरच्या आपल्या हिशेबात ५, १५, २५, ३५ आले ते हेच. आडवी एकसारखी चाल आणि उभी वाढती चाल, दोन्ही मिळून अन्वस्त.

वऱ्हाडातील ज्वारीच्या राखणदाराला यातले पुष्कळसे हाताने ठाऊक असते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवताना दोरीचे एक टोक कोणत्या क्षणी सोडायचे, हे तो कोणाला विचारत नाही. दोरी सुटली की दगड वर्तुळाबाहेर फेकला जात नाही. त्या क्षणी त्याची जी दिशा असेल त्याच स्पर्शरेषेने तो निघतो आणि निघताक्षणीच पडूही लागतो. पाखरे जिथे आहेत त्याच्या वर नेम धरावा लागतो, हे राखणदाराचे ज्ञान गॅलिलिओच्या निष्कर्षाशी जुळणारे आहे. फरक इतकाच की त्याने ते वाक्यात मांडलेले नसते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या (स्थापना १९१४) संस्थेच्या मैदानावर गोळाफेक शिकणाऱ्यालाही पंचेचाळीस अंशांचा नियम जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि जमिनीवर पडतो, म्हणून सर्वांत फायदेशीर कोन पंचेचाळीसहून कमी असतो. उंची मध्ये आली की उत्तर बदलते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे गाविलगडाच्या पायथ्याशी त्याचे काम पडणार आहे.

*

उदाहरणाच्या शेवटचे वाक्य होते: हवेचा विरोध नगण्य माना. हे आज्ञार्थी वाक्य विद्यार्थी न वाचताच ओलांडतो. ते किती मोठी मागणी करते हे इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये दाखवून दिले. गोळी लाकडाच्या जड लंबकावर मारायची, लंबक किती हलला हे मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची रीत. त्यातून निघालेले निष्कर्ष तोफखान्याच्या पंडितांना धक्का देणारे होते. चोवीस पौंडी गोळा सेकंदाला १६५० फूट वेगाने पंचेचाळीस अंशांत सुटला, तर अन्वस्ताच्या हिशेबाने तो १६ मैल जायला हवा. प्रत्यक्षात तो ३ मैलही जात नाही. उरलेले तेरा मैल हवा खाते. नगण्य मानायला सांगितलेली वस्तू उत्तराचे चार पंचमांश गिळून बसली होती.

हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून १७५० मध्ये हिंदुस्थानात आला आणि दुसऱ्याच वर्षी, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. तटबंद्या दुरुस्त करणे हे त्याचे येथील काम होते. तोफगोळ्याचा अभ्यास हा शुद्ध ज्ञानाचा व्यवहार होता, असे मानणाऱ्याने ही नेमणूक ध्यानात घ्यावी. प्रक्षेप्याचे गणित आपल्याकडे महाविद्यालयांच्या आधी लष्करासोबत आले.

*

ते वऱ्हाडात आले १८०३ च्या हिवाळ्यात. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात असईची लढाई सप्टेंबरात होऊन गेली होती. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याच्या मागावर वऱ्हाडात उतरला, आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व दुसऱ्या रघुजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. शिंद्यांचे घोडदळही होते.

या लढाईतील एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या आघाडीच्या तीन पलटणी मोडल्या आणि मागे पळू लागल्या. असईला याच पलटणी त्याहून कितीतरी भयंकर मार सोसून उभ्या राहिल्या होत्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले आणि हे सारे पुढे एका पत्रात नमूद केले. आपण जवळ नसतो तर दिवस हातचा गेला असता, असा त्याचा सूर आहे. ज्या गोळ्यांपुढे माणूस सप्टेंबरात उभा राहतो, त्याहून कमी गोळ्यांपुढे तो नोव्हेंबरात का पळतो, हे कोणत्याही वक्रावरून काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट सपाट मैदानावरच्या तोफखान्याविषयी. पुस्तकातला गोळा जमिनीला लागला की उदाहरण संपते. त्या काळचा भरीव लोखंडी गोळा जमिनीला लागला की चेंडूसारखा उसळून पुढे जाई, पुन्हा टेकून पुन्हा उसळे. गोलंदाज मुद्दाम खाली नेम धरून याचा उपयोग करीत. मराठीत ‘टप्पा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: चेंडूचा टप्पा, आणि बंदुकीच्या टप्प्यात येणे. एक उसळी, दुसरा पल्ला. अडगावसारख्या काळ्या, सपाट रानात हे दोन अर्थ एकच होते. संध्याकाळपर्यंत लढाई संपली आणि ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

*

मग उरला गाविलगड. सातपुड्याच्या मेळघाट रांगेत, चिखलदऱ्याला लागून, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर तो उभा आहे. दक्षिणेला खाली अचलपूर-परतवाड्याचे मैदान, आणि मैदानाकडून वर पाहिले तर कडाच कडा. बहमनी काळात अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास तो बांधला, पुढे इमादशाहीत त्याची डागडुजी व वाढ झाली, आणि १८०३ मध्ये तो भोसल्यांकडे होता. बेनीसिंग हा किल्लेदार.

आता पुस्तकातले उदाहरण उलटे करून पाहा. तोफ कड्याखाली आहे आणि लक्ष्य कड्यावर. गोळा सहाशे मीटर वर चढवायचा तर त्याला सेकंदाला सुमारे ११० मीटर इतका उभा वेग हवा. तेव्हाच्या जड तोफेच्या गोळ्याचा एकूण वेग याच्या चौपट असे. म्हणजे कागदावरचे उत्तर ‘होय, पोहोचेल’ असे येते. पण गाड्यावर बसवलेल्या तोफेचे तोंड थोडेच अंश वर उचलता येई. वाटेत हवा आपला वाटा घेई. आणि इतके करून वर पोहोचलेला गोळा थकलेला असे. तट फोडायला गोळा पोहोचणे पुरत नाही, तो जोरात, एकाच जागी, पुन्हा पुन्हा बसावा लागतो.

वेलस्लीने हे उदाहरण सोडवले नाही. त्याने ते बदलले. किल्ल्याच्या उत्तरेला, इंग्रज कागदपत्रांत लबाडा नाव येते त्या गावाच्या बाजूला, डोंगराची पाठ किल्ल्याच्या जवळजवळ बरोबरीला येते. तेथे तोफा नेल्या की उंचीचा फरक हिशेबातून जवळपास जातो. सूत्रातील जी संख्या सर्वांत त्रासदायक, तिच्या जागी त्याने शून्य मांडले. कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला अचलपुराहून निघाली आणि डोंगरातून सुमारे ३० मैलांचा वळसा घालून उत्तरेला पोहोचली. १२ तारखेच्या रात्री मोर्चे बांधले गेले: एका मोर्च्यात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा तट पाडण्यासाठी, दुसऱ्यात दोन पितळी तोफा आणि दोन हॉवित्झर तटावरचा बचाव मोडण्यासाठी. दक्षिण दरवाजाखाली वेलस्लीच्या स्वतःच्या तुकडीने चार तोफांचा मोर्चा बांधला, पण त्या बाजूचा हल्ला मुख्यतः शत्रूचे लक्ष ओढण्यापुरता होता. १३ ला सकाळी मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत खिंडार पडले, १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला आणि गाविलगड पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि निजामाला मिळाले. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र तहाने भोसल्यांकडेच ठेवले.

उत्तरेच्या त्या तोफांचे गणित करून पाहावे. मोर्चा तटापासून समजा ३०० मीटरवर आणि गोळ्याचा सरासरी वेग सेकंदाला ४०० मीटर. गोळ्याला तटापर्यंत पाऊण सेकंद लागेल. तेवढ्या वेळात तो सुमारे पावणेतीन मीटर खाली येईल. हे भरून काढायला तोफेचे तोंड सपाटीपासून अर्धा अंश वर केले की झाले. पंचेचाळीस अंशांचा तो प्रसिद्ध कोन, सर्वाधिक पल्ल्याचा तो डौलदार अन्वस्त, यांचा येथे उपयोग नव्हता. वऱ्हाडाचे राज्य ज्या कोनाने बदलले तो जेमतेम अर्ध्या अंशाचा होता. आणि शेवटचा टप्पा तर तोही नव्हता: आतल्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पडलेच नव्हते, तेथे शिड्या लावून शिपाई चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला.

*

मग खरे उदाहरण कोठे सोडवले गेले? त्या तीस मैलांत. वेलस्लीच्या खलित्यात ते मोकळेपणाने सांगितले आहे. फौजेला आपला रस्ता आधी आपणच करावा लागला, आणि जड तोफा व दारूगोळा जवळजवळ सर्व वाटेने, डोंगरांवरून आणि घळींमधून, हातांनी ओढून न्यावा लागला. अठरा पौंडी म्हणजे अठरा पौंडांचा गोळा फेकणारी. तिचे स्वतःचे वजन टनांत मोजायचे. मेळघाटातील चढ-उतार ज्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिले आहेत त्यांना हे वाक्य वाचताना थांबावे लागेल. त्या दोरांवर जे हात होते त्यांतले बहुसंख्य याच देशातले होते. खलित्यात अधिकाऱ्यांची नावे आहेत, त्यांच्या शौर्याची शिफारस आहे. दोर ओढणाऱ्यांची नावे नाहीत.

येथे आम्हांला इतिहासाच्या पुस्तकातले ते दुसरे वाक्य आठवते: ‘१५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला.’ हेही कर्मणी वळणाचेच वाक्य, आणि त्याच्याही शेवटी न लिहिलेली एक सूचना आहे: विरोध नगण्य माना. भौतिकीचे पुस्तक निदान ती सूचना छापते. काय गाळले आहे हे विद्यार्थ्याला सांगून मग ते गाळते. म्हणून रॉबिन्ससारखा एखादा नंतर येऊन गाळलेले परत मोजू शकतो. इतिहासाचे पुस्तक, आणि पुष्कळदा आपली समीक्षाही, जे गाळते ते न सांगता गाळते. ‘युगप्रवर्तक’, ‘प्रभाव’, ‘परंपरा’ अशा शब्दांचे अन्वस्त आपण किती सहज काढतो, आणि कोणत्या हवेतून ते गेले हे विचारत नाही. विज्ञान जग सोपे करून टाकते ही साहित्यवाल्यांची तक्रार आम्ही अनेक वर्षे ऐकत आणि करत आलो. या एका उदाहरणापुरते तरी आम्हांला वाटते की सोपे करण्याची शिस्त आपण त्यांच्याकडून शिकायला हवी.

नगण्य मानणे हे पाप नव्हे. गॅलिलिओने हवा गाळली नसती तर त्याला अन्वस्त दिसलाच नसता. ढगळ निरीक्षणांच्या गर्दीत तो हरवला असता. पण काय गाळायचे हे त्या त्या प्रश्नावर ठरते. तीनशे मीटरवरच्या तटासाठी हवा बऱ्याच अंशी नगण्य आहे, तीन मैलांवर ती नगण्य नाही. ‘किल्ला कधी पडला’ या प्रश्नासाठी दोर ओढणारे नगण्य ठरवता येतील. ‘किल्ला कसा पडला’ या प्रश्नासाठी तेच उत्तर आहेत.

इंग्रजीत गाविलगडाच्या या वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी आहे. तिचा नायक इंग्रज फौजेतला, हे ओघानेच आले. ज्याच्या हाती कथन, त्याच्या बाजूने कोन मोजला जातो. कड्याखालून, किंवा तटाच्या आतून, किंवा त्या दोरावरून हा वेढा सांगणारे लेखन अजून कोणाच्याही हातून होऊ शकते, आणि ते करणाऱ्याला थोडे भौतिकी आले तर बिघडणार नाही.

*

दार्ष्टांतिक आणखी एका अर्थाने गळाले आहे. अकोट तालुक्यातून अकोल्याला शिकायला येणाऱ्या मुलाने नरनाळ्याचा डोंगर लहानपणापासून पाहिलेला असतो. वरच्या किल्ल्यात नवगजी तोफ पडून आहे. तिच्यावर बसून काढलेले छायाचित्र पुष्कळांच्या घरी असते. परतवाड्याकडून अमरावतीला येणाऱ्या मुलीच्या घराच्या उत्तरेला गाविलगडाचा कडा असतो. दोघांनी गोफण पाहिलेली असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकून दोघे अकरावीच्या वर्गात बसतात आणि इंग्रजीतून त्यांना एक कडा, एक तोफ भेटते. ‘पल्ला’, ‘टप्पा’, ‘नेम’ हे त्यांच्या ओळखीचे तिन्ही शब्द त्या दिवशी बिनकामाचे होतात. तो कडा आपल्या घरामागचाच आहे, हे त्यांना सांगणारे पुस्तकात काही नसते. मग उदाहरण अवघड जाते आणि दोष गणिताच्या कच्चेपणाला दिला जातो.

आम्हांला भौतिकीच्या शिक्षकांना काही शिकवायचे नाही. आम्ही इतकेच सुचवतो की फळ्यावर ८०० मीटर हे उत्तर आल्यावर पाच मिनिटे शिल्लक ठेवावीत आणि विचारावे: हा कडा गाविलगडाचा असता तर यातली कोणती संख्या खरी राहिली असती? तोफ वर कशी आली? खाली कोण होते? आणि मराठीच्या शिक्षकांनी, म्हणजे आम्ही, दृष्टांतपाठ शिकवताना शेजारच्या वर्गातले हे उदाहरण एकदा फळ्यावर मांडून त्याचे दार्ष्टांतिक वर्गाकडून लिहवून घ्यावे. सूत्र त्यांनी द्यावे, दृष्टांत आधीच आहे. तिसरी ओळ लिहायला ज्यांचे डोंगर, त्यांनीच बसले पाहिजे.